काळी पाच

आमच्या टाकवे गावात वरचा सूर माझा. होता, म्हणायला हवं. मारुतीच्या देवळात भजन धरताना मी पेटीवर काळी तीनचा सूर घ्यायचो, आणि वर चढलो की म्हातारे म्हणायचे, "गळा हाय बाबा याचा!" वडगावला माझं झेरॉक्सचं दुकान. गावात जो काही मान होता तो या गळ्याचाच.

चुलतभाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. लोणावळ्याच्या शाळेत कॉयर शिकवणाऱ्या बाईंनी त्याचा आवाज हेरला, आणि आज तो जर्मनीत ऑपेरात गातो. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच, फक्त माईक नाही. ह्याचा आवाज टेनर, म्हणजे बाप्यांमधला वरचा. तिथंही वरचा सूर ह्यानंच पटकावला! काकू मोबाईलवर त्याचे फोटो दाखवायची, काळा कोट, गळ्याला बो. जळत होतो मी, सरळच सांगतो.

गेल्या एकादशीला तो गावी आला. देवळात ही गर्दी! भजनाला माझ्या शेजारीच मांडी घालून बसला. "दादा, सूर दे." मी मुद्दाम काळी पाच दाबली, माझ्यापेक्षा बरीच चढी. म्हटलं, चिरकू दे एकदा गावासमोर.

पठ्ठ्या गेला की वर! हसत गेला. माईकवाल्यानं घाईघाईनं आवाज कमी केला, तरी पारावरची माणसं उठून दारात आली. "आरं, लयच भारी!" मग त्यानं माझ्याकडे हात केला. पुढचं कडवं माझं. आता मधेच सूर उतरवायचा कुठल्या तोंडानं? मी चढलो आणि वर जाऊन फाटलो. कोणी हसलंसुद्धा नाही, तेच जास्त लागलं. ओळ त्यानंच उचलली आणि मला सोबत घेऊन खाली आणली.

बाहेर चपला घालताना म्हणाला, "दादा, लहानपणी पण तू असाच चढा सूर द्यायचास. एवढं वर जायला कुणी शिकवलं, असं तिकडं कोणी विचारलं ना, की मी तुझंच नाव सांगतो."

लहानपणीही मी तो सूर त्याला रडवायलाच द्यायचो. तोंडानं मात्र म्हणालो, "असू दे रे, असू दे."