बाबांचा रिपोर्ट तेरवीला आला

माझ्या बाबांना कॅन्सर नव्हता.

हे आम्हाला त्यांच्या तेरवीच्या दिवशी कळलं.

आज त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. इतके दिवस यावर एक ओळ लिहिता आली नाही.

बाबा इतवारी बाजारात कापडाच्या दुकानात सेल्समन होते. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतील, पण सुट्टी घेणार नाहीत.

त्या उन्हाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले. मग अंगभर खाज. आम्ही साधी कावीळ समजलो.

स्कॅनमध्ये पित्तनळीत गाठ दिसली. नळी मोकळी राहावी म्हणून आत स्टेंट टाकला, गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. त्यातून नक्की काहीच कळेना.

सर्जन स्पष्ट बोलले.
"दिसते कॅन्सरसारखीच. क्वचित अशी गाठ साधीही निघते. पण पूर्ण काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही. ऑपरेशन मोठं आहे, रिस्क आहे."

मी रडकुंडीला आलेली. बाबा शांत.
"डॉक्टरसाहेब, कापड हातात घेतल्याबिगर मी बी सांगत नाही, सुती हाय का टेरिकॉट. काढून टाका."

फॉर्मवर बाबांची सही. खाली नातेवाईक म्हणून माझी.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी इन्फेक्शन. सातव्या दिवशी बाबा गेले.

तेरवीला हुडकेश्वरच्या आमच्या घरी पंगत बसली होती. हॉस्पिटलमधून माझ्या मोबाइलवर काढलेल्या गाठीचा फायनल रिपोर्ट आला.

आईनं विचारलं, "काय लिहिलं हाय वं त्याच्यात?"
"साधी गाठ होती आई. कॅन्सर नव्हता."
"मंग चांगलंच हाय ना," ती म्हणाली.
आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

"मंग ऑपरेशन केलंच काहून?" एका काकांनी सगळ्यांसमोर विचारलं.

तोच प्रश्न घेऊन मी सर्जनकडे गेले. त्यांनी बसवून घेतलं.
"साधी असली तरी तिनं नळी बंद केली होती, आणि स्टेंट कायमचा पुरत नाही. आज तसाच पेशंट आला तर मी तेच सांगेन."

डोक्याला पटलं. मनाला नाही. रिपोर्टची प्रिंट पर्समध्ये घेऊन फिरत राहिले.

मागच्या महिन्यात आईनं ती माझ्या हातात पाहिली.
"अजून तोच कागद वाचून राहिली?"
"मी नाही म्हटलं असतं तर, आई..."
"तुह्या बाबानं तुले विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं.

"सारं ऐकून त्यायनं सोता हो म्हटलं. तो फैसला त्यायचा होता. तू काहून आपल्यावर घेऊन राहिली?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा फक्त बाबांसाठी रडले.

बाबा, फार आठवण येते.
तुम्हाला आणि तुमच्या निर्णयाला मनापासून नमस्कार.