कादंबरीचा तिसरा तुकडा

चांगल्या पुस्तकाचा कोपरा दुमडला तरी माझं डोकं फिरतं. आणि नव्वदीच्या दशकात सुरतेत माझ्या शेजारी राहायला आला तो ब्लेडने कादंबरीचे चार तुकडे करणारा माणूस!

आम्ही नवागामला राहत होतो. मी बँकेत कारकून, शेजारी खानदेशातला लूम-कारागीर. त्याच्या खात्यातले, म्हणजे लूमच्या कारखान्यातले, चौघे मिळून एक रहस्यकथा आणायचे, तिचे चार भाग करायचे आणि लूमच्याच दोऱ्याने टाके घालायचे. एकाचा भाग वाचून झाला की तो पुढच्याकडे. अख्खं पुस्तक संपेपर्यंत थांबायला कोणी तयार नसे. मला ते बघवत नसे.

माझी मुलगी तेव्हा आठवीत, गुजराती माध्यमात. तिची मराठी सुटत चालली होती आणि त्या धास्तीने मी हैराण होतो. नाशिकहून निवडक, दर्जेदार कादंबऱ्या आणून तिच्यापुढे ठेवायचो. ती दोन पानं वाचून म्हणायची, "पप्पा, बहु बोरिंग आहे. यात काही होतच नाही." आता माणसाच्या मनात जे होतं ते काही होणं नव्हे का? पण सांगणार कुणाला!

एक दिवस ती पायरीवर बसून मराठी वाचताना दिसली. आनंद व्हायला हवा होता. मला दिसली ती तेलकट बोटांचे डाग पडलेली चोपडी. त्या रहस्यकथेचा तिसरा तुकडा होता तो, पहिले दोन तिने शेजारच्या काकींकडून आणून केव्हाच संपवले होते. मी तो हिसकावून घेतला. किती टाकाऊ आहे ते तिला पटवून द्यावं म्हणून एका बैठकीत वाचला आणि पस्तीवाला, म्हणजे आपला रद्दीवाला, आला तेव्हा वर्तमानपत्रांबरोबर देऊन टाकला.

रविवारी सकाळी शेजारी दारात उभा. "भाऊ, तिसरा तुकडा तुमनाकडे शे ना? पुढला मानूस थांबेल शे."

मी खरं ते सांगितलं. मला वाटलं, भांडेल. त्याने फक्त विचारलं, "तुम्हीन वाचं ना? मंग सांगा."

आणि चौघेही आमच्या ओट्यावर येऊन बसले. असली भिकार गोष्ट मला, ज्याने जन्मात असलं काही हाती धरलं नव्हतं त्याला, साग्रसंगीत सांगावी लागली. थोडक्यात आटपू म्हटलं तर कुणीतरी मध्येच विचारी, "विहिरीतली पेटी कोणी काढली?" मुलगी चौकटीला टेकून ऐकत होती.

माझं संपलं तसा शेजाऱ्याने खिशातून चौथा तुकडा काढून तिच्या हातात दिला. "बेटा, तू वाच."

ती वाचू लागली. आधी अडखळत, मग सरळ. कुणी बळजबरी केलेली नव्हती. आतून बायको स्टोव्ह बंद करून बाहेर आली. मीही नकळत तिच्या जवळ सरकून बसलो.

आणि मग खुनी निघाला फौजदाराचा जुळा भाऊ! आधी कुठे नावनिशाणी नसलेला! माझा तोल गेला. "हे काय लिहिणं झालं? असलं छापायला लाज कशी वाटत नाही? आणि तुम्ही लोक हे वाचता?" मी बराच वेळ बोलत राहिलो. माणसं मान खाली घालून ऐकत होती. मुलीने चोपडी मिटली, काकांच्या हातात ठेवली आणि ती आत गेली. शेवटची दोनच पानं राहिली होती.

त्यानंतर तिने माझ्यासमोर मराठी वाचलं नाही. आता ती बडोद्याला असते. एखादा चांगला मराठी लेख दिसला की मी तिला पाठवतो. ती प्रेमाने फोन करून म्हणते, "पप्पा, तुम्हीच वाचून दाखवा ना." मी वाचून दाखवतो.