कोरगावकरांच्या घरातून येणारे इंटरनेट

कोरगावकर बेल वाजवत नसत. किल्ल्यांचा जुडगा आमच्या सेफ्टी डोअरवर आपटत, दार उघडेपर्यंत. केबिन रोडजवळच्या आमच्या इमारतीत ते समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत. ईशान, सई, तुम्ही त्यांना कधी पाहिले नाही. काही बिघडले नाही.

रस्ता खणला की त्यांची टेलिफोनची लाइन मरायची. आमची केबलवाल्याची वाटेल तेव्हा. दोन्ही एकाच राउटरला जोडायचा बेत त्यांनीच काढला. "एक गेली तर दुसरी चालेल, काकू. तुमच्या डोक्यात नाही शिरायचं, सोडा." मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. तुमच्या आजोबांनी मला न विचारता होकार दिला. आमच्या केबलवाल्याची वायर पॅसेजमधून त्यांच्याकडे गेली. राउटर त्यांच्या टीव्हीमागे, तिथून दुसरी वायर आमच्याकडे, आणि पासवर्ड फक्त त्यांच्याजवळ. मागितला, तर म्हणाले, "पाण्याच्या पंपाची चावी आणि पासवर्ड बायकांना देऊ नये. चहाबरोबर वाटून टाकतात."

ईशान, तुझे बारसे टोरांटोला होते आणि पाळणा मी इथून म्हणायचा असे ठरले होते. पैठणी नेसून मी कॉम्प्युटरपुढे बसले. पहिले कडवे संपते न संपते तोच तुझ्या आईचा चेहरा पडद्यावर गोठला.

मी समोर गेले. "लाइन गेली का?"

"छे हो! दोन्ही मस्त चालल्यात. मॅचेस डाउनलोड करतोय, म्हणून तुमचं घर रांगेत शेवटी टाकलंय."

"तिकडे माझ्या नातवाचं बारसं चाललंय!"

"मग? नावं ठेवायला तुम्हाला इंटरनेट कधीपासून लागायला लागलं?"

मी त्यांच्या टीव्हीमागे हात घातला, आमच्या केबलवाल्याची वायर उपसली आणि ओढत घरी आणली. "ओ काकू! सगळं सेटिंग बिघडेल!" ते दारातून ओरडत होते.

वायर थेट कॉम्प्युटरला लावली; केबलवाल्याने दिलेले लॉगिन मला पाठ होते. चित्र परत आले तेव्हा तिकडे घुगऱ्या वाटून झाल्या होत्या आणि तू झोपला होतास. तुझ्या आईने कॅमेरा पाळण्याकडे वळवला. उरलेली सगळी कडवी मी समोरच्या घरात ऐकू जातील इतक्या मोठ्याने म्हटली. तू दचकून रडलास. मी थांबले नाही.

पुढे कोरगावकर फ्लॅट विकून विरारला गेले. त्यांच्या पत्नी तेवढ्या निरोप घ्यायला आल्या. चाचरत म्हणाल्या, "हे खाली टेम्पोत बसलेत."

"बसू देत," मी म्हटले.