टीकेची पोथी

"आधी चहा, मग फाशी."

पुण्याहून टपालानं मासिक आलं की मास्तर असं म्हणायचे, आणि चहा संपला की कानामागं तळहात धरून खुर्चीत टेकायचे. मासिकात त्यांच्या नव्या कादंबरीवर कुणीतरी लिहिलेलं असायचं, आणि सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत कुणी बरं असं लिहीतच नव्हतं.

तुमच्यापैकी ज्यांनी त्यांना व्यासपीठावर शालीत पाहिलं, त्यांना हे खरं वाटायचं नाही. मी त्यांना साताऱ्याच्या घरात, बंडीत पाहिलं. मी जतकडचा. शाळा सातवीतच सुटली. गावात पोथी वाचायचो, त्या आवाजाच्या बळावर मला त्यांच्याकडं काम मिळालं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण मिरजेला ऑपरेशनला चला म्हटलं की नेमकं त्यांना काहीतरी लिहायला सुचायचं. ते सांगत, मी उतरून घेई. पोटभर जेवण, झोपायला माडी, वर मास्तरांच्या बायकोची, काकूंची माया. एवढं मिळाल्यावर मला एकच धास्ती असे. मास्तरांनी लिहिणं थांबवलं, तर मी इथं कशाला लागेन?

म्हणून त्या खेपेला मी घाबरलो. लेखाच्या शेवटी छापलं होतं, 'लेखक संपला आहे. त्याने आता लेखणी खाली ठेवावी.' मी वाचलं, "लेखक थकला आहे. त्याने आता लेखणी जपून ठेवावी."

मास्तर गालात हसले. "हा गृहस्थ माझी लेखणी कधीपासून जपायला लागला रे?"

"तसंच छापलंय, मास्तर."

"मग वाचताना मधेच अडखळलास का? आहे तसं वाच."

वाचलं. त्यांनी कानामागचा हात काढला. दुपारी लिहायला हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी माडीवर पेन्सिलींना टोकं करत बसलो. पेन्सिली आखूड होत गेल्या, हाक काही येईना.

बातमी आळीभर झाली. शेजारचे सुभेदार, नुकतेच पेन्शनीत आलेले, मिशीला पीळ देत आले. "मास्तर, त्याचा पत्ता द्या. दोन कानाखाली वाजवून येतो."

"त्यानं काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"वाचायचं कशाला? तुमच्याविरुद्ध हाय न्हवं?"

"आणि माझी कादंबरी?"

सुभेदारांचा हात मिशीवरून खाली आला. "ती हाय घरात. आमची मंडळी वाचत्यात."

"मग संध्याकाळी पोथीच लावू," मास्तर म्हणाले.

पोथीत एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, आणि अध्याय पुरा झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. ओसरीवर आळी जमली. मी मासिक उघडलं. मला हेल काढल्याशिवाय मोठ्यानं वाचताच येत नाही. त्यामुळं 'कथानक मेलेल्या बैलासारखे ओढले आहे' हे वाक्यसुद्धा देवाच्या वर्णनासारखं निघालं. एका म्हातारीनं हात जोडले.

"म्हणजे काय," मास्तर अर्थ सांगू लागले, "तर गोष्ट लांबलीय. लांबलीच आहे. आणि यानं एक सोडलंच की! नायिकेचा सासरा पाचव्या प्रकरणात वारतो, आणि नवव्यात पान खातो. एवढं कसं सुटलं याच्या हातून?"

"आवं, तुमी नक्की कुणाच्या बाजूनं हाय?" सुभेदार कळवळले.

मी पुढं वाचलं. 'यांच्या अलीकडच्या सगळ्या स्त्रिया एकाच सुरात बोलतात.'

यावर मास्तर अर्थ सांगेनात. तेवढ्यात आतून, भाकरी थापता थापता, काकू म्हणाल्या, "खरंच लिहिलंय की त्यानं. सगळ्या माझ्यासारख्या बोलतात. यांनी दुसरी बाई कधी नीट ऐकलीय?"

ओसरी हसून हसून लोळली. सगळ्यात मोठ्यानं मास्तर हसले. मग डोळे पुसत, हे मोतीबिंदूचं पाणी हो, असं उगाच सांगत म्हणाले, "पुस्तकापुरता तो खरा आहे. पुस्तकाला हाणू दे. पण मी संपलो हे त्याला पुण्यात बसून कसं कळलं? मलाच अजून कळलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली. मी पेन्सिल घेऊन धावलो, तर लिहायचं नव्हतंच. "तुझी आई चिडली की काय म्हणते रे?"

"माणसाला काय म्हनत न्हाई, मास्तर. शेळीला बोलती."

"शेळीला?"

"बा समोर बसलेला असतोय. आई शेळीला पाला टाकती आन म्हनती, खा गं बाई, तू खाल्लंस तर दूध तरी देतीस."

मास्तर खुर्चीत पुढं सरकले. "अजून सांग."

आधी लिहून ठेवलेली पुढच्या कादंबरीची सगळी पानं त्यांनी बंबात घालायला लावली. "निदान आंघोळीला आली," काकू म्हणाल्या. मग रोज मी आईसारखं बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं. मधेच थांबवून म्हणायचे, "खोड ते. ही परत काकूच बोलली."

पुस्तक निम्म्यावर असताना एका दुपारी, सांगता सांगता, "जरा टेकतो," म्हणाले. ते परत उठले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी ती पानं माझ्या हातात ठेवली. "आधी तुझ्या आईला वाचून दाखव. मग छापायचं बघू."

जतच्या घरी, अंगणात, आई ज्वारी पाखडत होती. मी माझ्या पोथीच्या हेलात वाचत गेलो. हळूहळू तिचं सूप थांबलं.

"अय्यो! ही शेळीसंगं का भांडतीया? यडी हाय का काय?"

मी वाचत राहिलो. थोड्या वेळानं तिनं पदर तोंडाला लावला, आणि पदराआडून हसू फुटलं.

"पन बोलती लय झ्याक. मग? पुढं काय म्हनली?"

"पुढं न्हाई, आई."

"न्हाई कसं? आत्ता कुठं तोंड उघडलंय तिनं. वाच की."