हंगेरीचे आजोबा आणि माझा वनवास

ऑफिसात मला सगळे कवी म्हणत. म्हणजे तशी सोय मीच केली होती. ईमेलखाली हुद्द्याशेजारी 'कवी' असं स्वतःच्या हाताने टाकलं होतं. दुबई मरीनामधल्या आमच्या ऑफिसात त्याने कोणाचं काही अडत नव्हतं. एक दिवस मात्र आमची हंगेरियन मॅनेजर माझ्या टेबलाशी आली.

"माझे बाबाही कवी आहेत," ती म्हणाली. "जन्मभर वर्तमानपत्रात नोकरी केली. थंडीपुरते माझ्याकडे आलेत आणि कंटाळलेत. शनिवारी घरी याल?"

मी 'वनवास' ही माझी कविता इंग्रजीत करून सोबत नेली. आखातातल्या मराठी माणसाचं एकाकीपण, वाळू, हरवलेलं आभाळ वगैरे. आमच्या अल कुसैसच्या घरी एसी बावीसवर ठेवून लिहिलेली.

आजोबा नव्वदीला टेकलेले, बाल्कनीत शाल गुंडाळून बसलेले. कविता त्यांनी मन लावून ऐकली आणि बातमीदाराच्या सवयीने विचारलं, "तुम्हाला कोणी हाकललं?"

"कोणी नाही. मी अर्ज केला होता."

"इथे कसे आलात?"

"विमानाने. तिकीट कंपनीने दिलं."

"बायको-मुलं मागे राहिली?"

"नाही, इथेच असतात. आत्ता मॉलमध्ये गेलीत."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

मग मी त्यांच्याबद्दल विचारलं. महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी ते नऊ वर्षांचे होते. वडिलांना आधीच सक्तीच्या मजुरीला नेलं होतं; ते परत आलेच नाहीत. बुडापेस्टमधल्या ज्यूंना घराबाहेर काढून आधी पिवळी चांदणी लावलेल्या इमारतींत कोंबलं, नंतर कुंपण घातलेल्या वस्तीत. तो हिवाळा त्यांनी आणि त्यांच्या आईने एका तळघरात काढला. हे सगळं ते हवापाणी सांगावं तसं सांगत होते, आणि मी गंभीर चेहरा करून पुढचा प्रश्न जुळवत होतो.

"या दुःखानेच तुम्हाला कवी केलं, नाही का?"

"छे. कवी मी आधीच होतो. मावशीच्या नाकावर कविता केली होती, मार खाल्ला होता. त्या हिवाळ्यानंतर कविता बंद पडली, पुढे कितीतरी वर्षं. मग बातम्या लिहिल्या. ट्राम रुळावरून घसरली, बाजारात बटाटे आले. बटाटे आले हे लिहायला मला फार आवडायचं."

पुन्हा सुचलेली पहिली कविता चारच ओळींची होती. तिचं इंग्रजी त्यांच्या मुलीने, आमच्या मॅनेजरने, मला दिलं. आमच्या इथल्या मराठी मंडळाचं कविसंमेलन पुढच्या आठवड्यात होतं. मी म्हटलं, मी मराठी करतो, आजोबांना घेऊन येतो.

आजोबा आले, पहिल्या रांगेत बसले. मी अनुवाद वाचायला लागलो. 'क्षुधेचा वणवा' होता, 'मृत्यूची गहन छाया' होती, 'मानवतेचा आक्रोश' दोनदा होता. मी पाणी प्यायला थांबलो तेव्हा आजोबांनी इंग्रजीत, चांगलं मोठ्याने विचारलं, "माझी कविता कधी सुरू होणार?"

अख्खा हॉल हसला. माझी बायको सगळ्यात आधी. मी कागद घडी करून खिशात घातला आणि मूळ ओळी जशा होत्या तशा सांगून टाकल्या.

तळघरात आई आलुबुखाऱ्याच्या उंड्यांची कृती सांगत होती.
साखर किती, यावरून बायका भांडल्या.
एक रुसून भिंतीकडे तोंड करून बसली.
पीठ कोणाकडेच नव्हतं.

मग तिसऱ्या रांगेतून आमच्या केटरिंगवाल्या वहिनींनी विचारलं, "पण आत साखरच घालतात का? गूळ नाही?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजोबांनी मात्र माझी बाही ओढली. "काय विचारतायत त्या?" मी सांगितलं. "साखर," ते म्हणाले, "आणि दालचिनी. बी काढलेल्या जागी साखर भरायची." मी ते मराठीत सांगितलं. त्यावर मागून दुसऱ्या बाई म्हणाल्या की आलुबुखारा मुळात आंबट, गूळच हवा. तिसऱ्या म्हणाल्या, गूळ पाघळतो. पाच मिनिटं कोणी कोणाचं ऐकेना.

"आता काय चाललंय?" आजोबांनी विचारलं.

"भांडतायत. साखरेवरून."

आजोबा पोट धरून हसले, डोळे पुसले आणि पुन्हा हसले. "असंच," ते म्हणाले. "अगदी असंच चालायचं."

त्या दिवशी माझी 'वनवास' राहूनच गेली. कोणी आठवणही काढली नाही.

उन्हाळ्याआधी आजोबा बुडापेस्टला परतले. वहिनींनी ते उंडे केले, गूळ घालूनच, आणि मुलीमार्फत त्यांना फोटो पाठवला. आजोबांचं उत्तर आलं: गूळ घालणं साफ चूक आहे, पण चवीला कसे झाले ते कळवा. निरोप वहिनींसाठी होता. माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.