थाळीवरची चिठ्ठी

शिवाजी उद्यमनगरात बाळासो तीस वर्षं लेथवर उभा होता. ऑइल इंजिनाचे भाग कातायचे, हे त्याचं काम. शेजारच्या फाउंड्रीच्या दणक्यानं त्याचा डावा कान जवळजवळ गेला होता आणि उजवाही भरवशाचा राहिला नव्हता. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. तरीही कुणाचा रेकॉर्ड प्लेअर बिघडला की लोक रविवारी त्यालाच बोलावत. कारण फिरणारी कोणतीही वस्तू दिसली की तो तिच्यापुढे उकिडवा बसायचा. शिलाई मशीनचं चाक असो की पिठाच्या गिरणीचा पट्टा, ते फिरताना कुठं अडतं हे कळेपर्यंत त्याला जेवण गोड लागत नसे.

१९७४ सालच्या दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी तो मंगळवार पेठेत श्यामलाबाईंकडे गेला. बाई घरी गाण्याचा क्लास चालवत. वय एक्कावन्न. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, ते कोर्टात कारकून होते. प्लेअर बाळासोच्या ओळखीचाच होता. दसऱ्याच्या आधी तेलपाणी करायला तो त्याच्याकडे येऊन गेला होता.

"षड्ज हलतोय," बाई म्हणाल्या. "गवई सूर धरतो आणि मधेच तो किंचित खाली जाऊन परत येतो. सतत."

"मला तर छान ऐकू येतं," अप्पा वर्तमानपत्रातून म्हणाले. "क्लासातल्या मुलींनाही. हलतं ते हिला एकटीला."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हार्मोनियमवर एक बंद पाकीट होतं, तिकीट लावलेलं. डिसेंबरात सांगलीला आकाशवाणीची ऑडिशन होती. येऊ शकत नाही, असं बाईंनी आतल्या पत्रात लिहिलं होतं. पाकीट उद्या टपालात पडणार होतं.

"मशीन चांगलं असेल, तर माझा कान गेला," त्या म्हणाल्या. "मग मी ऑडिशनला कशाला जाऊ? आणि क्लास तरी कोणत्या तोंडानं चालवू? काय ते एकदा नक्की सांगा."

बाळासोनं आधी प्लेअर डोळ्यांनी तपासला. सुईच्या दांडीवर चार आण्याचं नाणं चिकटवलेलं होतं.

"हे कुणाचं काम?"

"माझं," अप्पा म्हणाले. "जड केली की सुई नीट बसेल, म्हणून."

"म्हंजे बैलाच्या पाठीवर बसायचं आन् त्यालाच पळ म्हणायचं की वो अप्पा!" बाळासोनं नाणं काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

पण सूर हलतच राहिला. सुई नवीन होती. गवंड्याची पाणसळ ठेवून पाहिली, टेबल सपाट होतं. दुसरी तबकडी लावली, बाईंनी मान हलवली. तीच तक्रार. बाळासोनं उजवा कान प्लेअरला जवळजवळ टेकवला. त्याला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. लेथवर असं झालं की तो मोजायला घ्यायचा. पण सूर मोजायचा कशानं?

थोडा वेळ तो फिरत्या तबकडीकडे बघत बसला. मग म्हणाला, "बाई, भिंतीकडं तोंड करून बसा. हिकडं बघायचं न्हाय. सूर खाली ग्येला की बोट वर करायचं."

"ही काय शाळा आहे?" अप्पांनी विचारलं.

"व्हय. आन् तुमी मागच्या बाकावर."

त्यानं अप्पांच्या वर्तमानपत्राचा कोपरा फाडून त्याची चिठ्ठी तबकडीखालच्या थाळीच्या कडेला डिंकानं चिकटवली. थाळी फिरू लागली. बाईंचं बोट वर गेलं, तेव्हा चिठ्ठी खिडकीच्या बाजूला होती. पुन्हा बोट, पुन्हा चिठ्ठी खिडकीकडे. अप्पाही आता वाकून बघू लागले. वीस फेरे, वीस बोटं. थोडं मागंपुढं झालं असेल, पण खिडकीची बाजू चुकली नाही.

बाळासोनं तबकडी उचलली, अर्धी फिरवून परत ठेवली. दोष तबकडीत असता तर आता बोट चिठ्ठी खिडकीच्या उलट बाजूला असताना वर गेलं असतं. ते खिडकीकडेच गेलं.

"थाळीतच हाय," तो म्हणाला.

त्यानं थाळी उचलून पालथी केली. तिच्या आतल्या कडेला एक रबरी चाक घासून थाळी फिरवतं. त्या कडेवर एका ठिकाणी लालसर, चिकट डाग होता. चाक तिथं आलं की घसरायचं आणि थाळी क्षणभर मंद व्हायची. डागावर अजून अंगठ्याच्या रेघा दिसत होत्या.

बाळासो डागाकडे बघत राहिला. खंडेनवमीला उद्यमनगरात यंत्रांना कुंकू लावतात. बाळासो ते कधी झाकणावर लावत नसे. जिथं यंत्र खरं राबतं, तिथं लावायचं, असा त्याचा नियम. तेलात कालवलेलं कुंकू, लेथच्या चकवर, म्हणजे काम पकडून फिरणाऱ्या जबड्यावर, एक बोट. लेथला त्याचं काही वाटत नाही. त्या दिवशी हा प्लेअरही त्याच्या फळीवर होता.

डाग थाळीच्या आत होता. बाईंना आणि अप्पांना तो दिसत नव्हता. स्पिरिटचा बोळा खिशात होता. एकदा फिरवला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण मग बाईंना कळलं असतं ते एवढंच, की मशीन पुसलं आणि बरं वाटलं. कानाची शंका तशीच राहिली असती.

त्यानं थाळी त्यांच्यापुढे धरली.

"ह्यो माझा अंगठा. खंडेनवमीचा. तुमचा कान बरोबर हाय, बाई. तीन आठवडं मीच तुमच्या गवयाला ढकलतोय."

"अहो, पण मला कसं नाही ऐकू आलं?" अप्पा म्हणाले.

"मलाबी न्हाई आलं. आपण दोघं एका कंपनीचं."

बाईंनी थाळी हातात घेतली, डागावर नख फिरवून पाहिलं आणि परत दिली. बाळासोनं कड स्पिरिटनं पुसली, कोरडी केली, थाळी बसवली. बाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसल्या, न सांगता. तबकडीची पूर्ण बाजू संपली. बोट मांडीवरून हललं नाही.

बाळासोचे हात तेला-कुंकवानं बरबटले होते. "हात पुसाय एखादा कागुद हाय का वो?"

अप्पांनी वर्तमानपत्र पुढे केलं. बाई म्हणाल्या, "ते तुमचं वाचून व्हायचंय." त्यांनी हार्मोनियमवरचं पाकीट घेतलं, तिकीट वाफेवर सोडवून पुन्हा वापरता यावं म्हणून त्याचा तो कोपरा कात्रीनं कापून बाजूला ठेवला, आतलं पत्र काढलं आणि बाळासोच्या हातात दिलं.