कोपरे सरळ करणारा माणूस

गल्लीने त्यांना टिकाऊकाका हे नाव चेष्टेने दिलं होतं, पण काकांनी ते पदवीसारखं मिरवलं. शाळेच्या वळणावर त्यांचं लॅमिनेशनचं दुकान होतं. एक टेबल, एक मोठी कात्री, पाकिटांचे गठ्ठे आणि तीस वर्षांतलं तिसरं यंत्र, एवढाच संसार. यंत्राचा लाल दिवा हिरवा झाला की कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून रुळांमध्ये सरकवायचा. पलीकडून तो गरम आणि अमर होऊन बाहेर यायचा, निदान काकांचं म्हणणं तसं होतं. माणसाचा भरवसा नाही, पण कागद जपला तर राहतो, हे ऐकवल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला सोडत नसत. गिऱ्हाईक बिचारं ओळखपत्र घेऊन आलेलं असायचं, त्याला हे तत्त्वज्ञान फुकट मिळायचं.

भिंतीवर ठळक पाटी होती: 'खरेदीची बिलं लॅमिनेट करून मिळणार नाहीत. काळी पडतात.' पाटी अर्थातच लॅमिनेट केलेली. तरी रोज कुणीतरी फ्रिजचं नाहीतर पंख्याचं बिल घेऊन यायचंच, आणि काका त्याची बिनपाण्याने करायचे. अहो, हा कागद शाईने नाही, उष्णतेने छापलेला असतो, यंत्रात घातला की अख्खा काळा होणार, एवढं साधं कळत नाही का? लोक ओशाळून निघून जायचे आणि काकांचा दिवस चांगला जायचा.

घरी तर विचारायची सोय नव्हती. सोफ्यावरचं कारखान्यातलं प्लास्टिक सतरा वर्षं तसंच होतं, त्यामुळे बसलं की पाहुण्यालाच शरमल्यासारखं व्हावं असा आवाज यायचा. टीव्हीचा रिमोट पिशवीत होता. आणि एका कपाटात मुलीचं सगळं आयुष्य वर्षावार लावून ठेवलं होतं: पहिलीतलं हत्तीचं चित्र, धावण्याच्या शर्यतींची प्रमाणपत्रं, नाटकाचं बक्षीस, पदवी. सगळं चकचकीत, सगळ्याचे कोपरे गोल कापलेले.

त्यातली एकही शर्यत काकांनी पाहिलेली नव्हती. दुकान बंद ठेवणार कसं? प्रत्येक वेळी बायको मैदानावर जाऊन घसा बसेपर्यंत ओरडायची, आणि संध्याकाळी काका मुलीला विचारायचे, कागद कुठाय, घडी तर घातली नाहीस ना. नाटकात तिने काय काम केलं होतं हे त्यांना आजही सांगता आलं नसतं. प्रमाणपत्राचा आकार मात्र झोपेतून उठवून विचारला तरी सांगितला असता. मुलीने नोंदणी पद्धतीने लग्न केलं तेव्हा आत सह्या चालल्या होत्या आणि हा मुलीचा बाप बाहेर शिपायाला विचारत होता, की दाखला कोणत्या मापाचा मिळतो. बायकोने त्या दिवशी कपाळावर हात मारून घेतला तो अजून तिथेच आहे म्हणायला हरकत नाही.

आता मुलीला दिवस गेले होते. ती दुसऱ्या शहरात राहायची, आगगाडीने दहा तासांवर. सहावा महिना लागला तेव्हा ती दोन दिवस भेटायला आली आणि जेवताना म्हणाली की बाळंतपणाला दोघंही या, महिनाभर राहा. आईने लगेच मान डोलावली. काकांनी नेहमीचं पुढे केलं: तेव्हाच शाळेच्या निकालाचे दिवस असतात, गर्दी असते, तुझी आई येईलच की. मुलीने पर्समधून एक गुळगुळीत कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर पोटातल्या बाळाचं पहिलं चित्र होतं, दवाखान्यात सोनोग्राफीत काढलेलं. प्रत एकच होती. आईने ते डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहिलं, नाक कुणाचं आहे हेही ठरवून टाकलं.

काकांनी ते हातात घेतलं आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. वरचा डावा कोपरा दुमडलेला होता! असा कागद पर्समध्ये, किल्ल्यांबरोबर? ही पोरगी सुधारायची नाही. ती दुपारी आडवी झाल्याचं पाहून त्यांनी चित्र उचललं आणि थेट दुकान गाठलं. तिला उठल्यावर चकित करायचं होतं. चित्राचं माप घेतलं, कोपरा नखाने सरळ केला, पाकीट निवडलं. कागद चकाकत होता, फोटोसारखा. बिलासारखा तर मुळीच दिसत नव्हता. हिरवा दिवा लागला आणि स्वतःच्याच पाटीखाली बसून काकांनी तो यंत्रात सरकवला.

पलीकडून काळाकुट्ट चौकोन बाहेर आला. कडा अगदी सरळ होत्या.

काकांनी तो चौकोन उजेडाकडे धरला, तिरका केला, पुसून पाहिला. निदान काय गेलं ते तरी आठवावं म्हणून त्यांनी डोळे मिटले. आठवायला काही नव्हतंच. त्यांनी कोपरे पाहिले होते, बाळ पाहिलंच नव्हतं.

घरी येऊन त्यांनी चौकोन मुलीसमोर ठेवला. गिऱ्हाइकांना रोज सुनावलेलं सगळं आता स्वतःलाच ऐकावं लागणार, अशा तयारीने ते उभे होते. बायकोने तोंड उघडलंही. पण मुलीने तिला हाताने थांबवलं.

"काय दिसत होतं त्यात, बाबा?" तिने विचारलं.

काका खोटं बोलायला शिकलेले नव्हते. "वरचा डावा कोपरा दुमडलेला होता," ते म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते, आणि दोन्ही तिने लपवलं नाही. "मग आता प्रत्यक्षच यावं लागेल बाळाला बघायला," ती म्हणाली. "त्याची प्रत मिळत नाही."

निकाल लागायच्या आठवड्यात, दुकानासमोर रांग लागलेली असताना, काकांनी मोठ्या अक्षरांत एक कागद लिहिला: 'दुकान बंद आहे. घरचं काम.' सवयीने तो यंत्रातून काढला, कोपरे गोल कापले आणि दाराला अडकवला. रिक्षात सामान ठेवून बायको बाजूलाच उभी होती. तीस वर्षांचा राग तिला इतक्यात सोडायचा नव्हता.

"महिन्याभराचीच तर पाटी. तीही लॅमिनेट?"

काकांनी कुलूप लावून ओढून पाहिलं.

"पुढे लागेल," ते म्हणाले. "बाळही कधीतरी शर्यतीत धावेल."